विंडसरचं लग्न आणि न दिसलेला खर्च

(दृश्य: विंडसर किल्ल्याची उंच दगडी भिंत, खाली हाय स्ट्रीट, दुकानांवर पताका)

१९ मे २०१८, शनिवार. लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठावरचं विंडसर. आज इथं राजघराण्यातलं लग्न आहे. मिरवणूक नीट दिसावी म्हणून कितीतरी माणसं रात्रीच येऊन फुटपाथवर पथारी टाकून झोपली होती. उजाडता उजाडता रस्ते भरले, आणि दुपारपर्यंत लाखाच्या वर लोक जमले.

दुपारी १२ वाजता किल्ल्यातल्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये ६०० निमंत्रितांसमोर प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांचं लग्न लागलं. तासाभरानं उघड्या घोडागाडीतून नवरा-नवरी बाहेर आले. वधूच्या डोक्यावरच्या पाच मीटर लांब झिरझिरीत ओढणीवर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं भरतकामात काढली होती. त्यात भारताचं कमळही होतं.

(दृश्य: किल्ल्याच्या आवारातली हिरवळ, बसलेले लोक, मांडीवर डबे)

ही हिरवळ जरा थांबून बघा. किल्ल्याच्या आवारात २,६४० लोकांना बोलावलं होतं. त्यातले १,२०० जण देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले, समाजासाठी काही काम केलेले सामान्य नागरिक. आत खाण्यापिण्याचं काही विकत मिळणार नाही, तेव्हा आपलं जेवण सोबत आणावं, असं त्यांना कळवण्यात आलं. ही बातमी बाहेर आली तेव्हा ब्रिटनमध्ये बरीच नाराजी उमटली, आणि ती मला पटते. लग्नघरी आलेला माणूस उपाशी जाऊ नये, एवढं तर गरिबातला गरीब यजमानही बघतो.

(दृश्य: लग्नाचा केक, जवळून)

आणि हा केक. पूर्व लंडनमध्ये बेकरी चालवणाऱ्या क्लेअर प्टॅक यांनी केलेला. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावरची २०० लिंबं, सफोकची ५०० अंडी, २० किलो लोणी, २० किलो मैदा, २० किलो साखर आणि राणीच्या सँडरिंगहॅम इस्टेटीतल्या एल्डरफ्लॉवर या फुलांच्या सरबताच्या १० बाटल्या. ही यादी राजवाड्यानंच लग्नाआधी जाहीर केली होती.

केकचा हिशेब इतका चोख मिळतो. मग बंदोबस्ताचा? त्या दिवशी छतांवर नेमबाज होते, रस्त्यांवर सशस्त्र पोलीस होते, गावात शिरणाऱ्या वाटांवर अडथळे उभे होते. या सगळ्याला किती पैसे लागले, हे राजवाड्यानंही सांगितलं नाही आणि सरकारनंही नाही. आमचा सगळा माहितीपट या एका प्रश्नाभोवती आहे. चर्चमधला विधी, संगीत, फुलं आणि नंतरची मेजवानी यांचा खर्च राजघराणं करणार, असं आधीच जाहीर झालं होतं, आणि तो त्यांनी केलाही. सुरक्षा मात्र सरकारी तिजोरीतून. अशा लग्नात सर्वांत मोठी रक्कम बंदोबस्तावरच जाते.

लोकांना काय वाटत होतं? राजेशाही संपवावी अशी मागणी करणाऱ्या रिपब्लिक या संघटनेनं यूगव्ह या संस्थेकडून एक पाहणी करून घेतली. ५७ टक्के लोकांचं म्हणणं होतं की सुरक्षेसकट सगळा खर्च राजघराण्यानं करावा. ६६ टक्क्यांना लग्नात फारसा रसच नव्हता. पाहणी कुणाच्या सांगण्यावरून झाली हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. पण त्याच देशात त्या दिवशी जवळपास १ कोटी ८० लाख लोकांनी हे लग्न टीव्हीवर पाहिलं, हेही तितकंच खरं. मला यात विसंगती दिसत नाही. लग्न आवडीनं बघणारा माणूस त्याच्या बिलाबद्दल विचारूच शकतो.

(दृश्य: विंडसर रेल्वे स्टेशनजवळचा रस्ता, बंद दुकानाच्या दारात गुंडाळलेली चादर)

लग्नाच्या साडेचार महिने आधी, जानेवारीत, या गावात वेगळंच वादळ उठलं होतं. विंडसर आणि मेडनहेडच्या नगरपरिषदेच्या प्रमुखांनी पोलिसांना पत्र लिहिलं: रस्त्यावर झोपणाऱ्या आणि भीक मागणाऱ्या लोकांविरुद्ध कायद्यानं दिलेले अधिकार वापरा. त्याआधी त्यांनी या कारवाईचा संबंध थेट लग्नाशी जोडला होता. देशभर संताप झाला. शेजारच्या मेडनहेडच्या खासदार आणि तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनीही आपण या मताशी सहमत नसल्याचं सांगितलं.

मे महिन्यात त्याच फुटपाथांवर पाहुण्यांनी पथाऱ्या टाकल्या, आणि त्यांना कुणी हटकलं नाही. राजघराण्याचा यात दोष होता असं मी म्हणत नाही, पत्र त्यांनी लिहिलं नव्हतं. पण लग्नामुळे कुणाला जागा मिळते आणि कुणाला उठवायची भाषा होते, हे खर्चाच्या कुठल्याही रकान्यात येत नाही. माझ्या लेखी ती किंमतही मोजायला हवी.

(दृश्य: मुंबई, चर्चगेट स्टेशनबाहेर डबेवाले)

या लग्नाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. २००५ मध्ये हॅरी यांचे वडील, तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी कॅमिला यांच्याशी झालेल्या आपल्या लग्नाला मुंबईच्या डबेवाल्यांना बोलावलं होतं, आणि रघुनाथ मेदगे व सोपान मरे त्या लग्नाला गेलेही होते. तो मान डबेवाले विसरले नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी नव्या सुनेसाठी पैठणी घेतली आणि हॅरी यांच्यासाठी कुर्ता. शिवाय आहेराऐवजी ज्या सात संस्थांना देणगी द्या असं या जोडप्यानं सुचवलं होतं, त्यांत मुंबईच्या वस्त्यांमध्ये मासिक पाळीच्या आरोग्यावर काम करणारी मैना महिला फाउंडेशन होती. या लग्नानं चांगलंही काही घडवलं, ते असं.

(दृश्य: लंडन, रीजंट स्ट्रीटवरच्या इमारती)

आता राजेशाहीचा एरवीचा खर्च. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजानं राजगादीच्या जमिनींचं उत्पन्न सरकारजमा केलं आणि बदल्यात ठरावीक वार्षिक रक्कम घेतली. या जमिनी म्हणजे आजची क्राउन इस्टेट. रीजंट स्ट्रीटच्या या इमारती तिच्याच. २०१२ पासून तिच्या नफ्याच्या काही टक्के इतकी रक्कम राजघराण्याला मिळते, तिला सॉव्हरिन ग्रँट म्हणतात. आधी हे प्रमाण १५ टक्के होतं. बकिंगहॅम राजवाड्याच्या दहा वर्षं चालणाऱ्या, ३६ कोटी ९० लाख पौंडांच्या दुरुस्तीसाठी ते २५ टक्क्यांवर नेलं. लग्नाच्या वर्षी, म्हणजे २०१८-१९ मध्ये, ग्रँट होती ८ कोटी २२ लाख पौंड. राजवाड्यानं हिशेब मांडला: माणशी १.२४ पौंड.

समर्थक म्हणतात, राजघराणं तिजोरीत घालतं जास्त आणि घेतं कमी. विरोधक म्हणतात, ही जमीन राष्ट्राची आहे, तिचं उत्पन्न कुणा कुटुंबाची देणगी कशी ठरेल? मला विरोधकांचं म्हणणं जास्त पटतं. पर्यटनाच्या फायद्याचा मुद्दाही नेहमी येतो. या लग्नामुळे अर्थव्यवस्थेला सुमारे १ अब्ज पौंड मिळतील, असा ब्रँड फायनान्स या कंपनीचा अंदाज होता. मिळकतीचे अंदाज लग्नाआधीच छापून येतात आणि बंदोबस्ताचा खर्च नंतरही गुप्त राहतो. अशा अर्ध्या हिशेबावर लोकांनी मत द्यायचं कसं?

(दृश्य: फ्रॉगमोर कॉटेज, लांबून)

पूर्ण हिशेब दिला की काय होतं, हे या घरानं दाखवलं. लग्नानंतर हॅरी आणि मेगन यांना राहण्यासाठी विंडसरमधल्या या फ्रॉगमोर कॉटेजची दुरुस्ती झाली. २०१९ च्या वार्षिक अहवालात २४ लाख पौंडांचा आकडा छापून आला. लोकांनी विचारलं, हे आम्ही का भरायचं? पुढं हे जोडपं राजघराण्याच्या कामातून बाहेर पडलं, आणि सप्टेंबर २०२० मध्ये हॅरी यांनी ती रक्कम परत केली. आकडा डोळ्यांसमोर होता म्हणून हे झालं.

सुरक्षेबद्दल अधिकारी सांगतात की तपशील दिला तर धोका वाढेल. कोण कुठं उभं होतं हे कुणी विचारतही नाही. कार्यक्रम संपल्यावर एकूण रक्कम सांगायला काय हरकत आहे? आणि ती सांगता येते. मे २०२३ मध्ये चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. त्याच्या आदल्या महिन्यात यूगव्हच्या पाहणीत ५१ टक्के लोकांनी हा खर्च सरकारनं करू नये असं सांगितलं होतं, करावा म्हणणारे ३२ टक्के होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनं आकडा दिला: ७ कोटी २० लाख पौंड, त्यात पोलीस बंदोबस्ताचे २ कोटी १७ लाख. म्हणजे मत आधी घेतलं गेलं आणि बिल दीड वर्षानं दिसलं. तरी दिसलं.

राजेशाही महत्त्वाची वाटते असं १९८३ मध्ये ८६ टक्के ब्रिटिश लोक सांगत होते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या थोडंच वर आहे. ग्रँट मात्र वाढतेच आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भाडेपट्ट्यांमुळे क्राउन इस्टेटचा नफा फुगला, आणि २०२५-२६ साठी ही रक्कम १३ कोटी २१ लाख पौंडांवर गेली. त्यातही पोलिसांचा खर्च धरलेला नाही.