बारावं नाव

(भिंतीवर खडूच्या रेघा. चपला काढून रांगेत उभी मुलं.)

टाचा भिंतीला, नजर समोर. डोक्यावर लाकडी पट्टी टेकली की सर खडूनं रेघ मारतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात. रांगेत लगेच कुजबुज सुरू होते. “एकशे बाहत्तर? काय खातो बे हा!”

हा चेस्ट नंबर २७. वय तेरा, ओठावर मिसरूड, खांदे भरलेले. त्याच्यामागे दोघं सोडून उभा आहे ४३. स्पर्धेच्या हिशेबानं वय तेराच. त्याची रेघ पडते १५८वर. बनियनखाली खांद्याची हाडं मोजता येतील. बाजूला काढून ठेवलेल्या चपला मात्र थोरल्या भावाच्या असाव्यात इतक्या मोठ्या. त्या त्याच्याच आहेत. मुलं लहान आहेत, म्हणून या फिल्ममध्ये नावं नाहीत, छातीवरचे आकडे आहेत.

सोलापूरचा पूर्व भाग. एका शाळेचं बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट. जुलै लागलाय, पण पावसाला सोलापूरची आठवण दरवर्षी वेळेवर होतेच असं नाही. कोर्टवर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषा एकदम चालतात, भांडण मात्र मराठीत होतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांचा शालेय संघ निवडायचा आहे. आधी जिल्हा, जिंकलं तर पुणे विभाग, तिथून पुढं राज्य. बारा जागा. अकरा नावांवर कुणाचंच दुमत नाही. संघात चपळ पोरं भरपूर आहेत, ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पळवणं, सुरेख करतात, रिंगजवळ जाऊन टाकायचा लेअप डोळे मिटून टाकतात. रिंगखाली पाय रोवून रिबाउंड, म्हणजे हुकून उडालेला चेंडू, घेणारं कुणी नाही. गेल्या वर्षी संघ लवकर घरी परतला तो त्यामुळंच. म्हणजे सेंटर, रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू, हवाय, आणि २७ समोर उभा आहे. मग यात विचार कसला करायचा?

सर तरीही विचार करतात. आम्ही त्यांच्याच बाजूनं ही फिल्म केली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

(सातवीचा वर्ग. सर फळ्यावर लिहितायत: १. ओलाजुवॉन, २. बुवी, ३. जॉर्डन.)

आयपीएलचा लिलाव सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याच्या खिशात पैसा, तो बोली लावतो. अमेरिकेतल्या एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, नवे खेळाडू असे विकत घेत नाहीत. तिथं ड्राफ्ट होतो. संघ एकामागून एक आपल्या पाळीनं एकेक नवा खेळाडू उचलतात, आणि गेल्या हंगामात जे संघ ढेपाळले त्यांची पाळी साधारणपणे आधी येते. पाळी आली की सवाल एकच: आज संघात जी जागा रिकामी आहे ती भरायची, की सगळ्यांत जास्त पुढं जाईल असा पोरगा घ्यायचा, मग त्याची जागा संघात आधीच भरलेली का असेना?

१९८४ साली पहिली पाळी नाणेफेकीवर ठरली. ह्यूस्टननं ती जिंकली आणि हकीम ओलाजुवॉनला घेतलं. त्यावर आजही कुणी बोट ठेवत नाही. दुसरी पाळी पोर्टलंडची. पोर्टलंडचा संघ पडेल नव्हता. ही पाळी मुळात इंडियानाची, एका जुन्या अदलाबदलीत पोर्टलंडकडं आलेली. त्यांच्याकडं जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, एकच वर्ष आधी घेतलेला. जिम पॅक्सनही होता. नव्हता तो सेंटर. म्हणून त्यांनी सात फूट एक इंचाचा सॅम बुवी उचलला. नडगीच्या हाडाच्या दुखापतीनं कॉलेजात त्याचे दोन हंगाम वाया गेले होते. तरी घेतला, कारण सेंटर हवा होता. तिसऱ्या पाळीवर शिकागोनं घेतलं मायकल जॉर्डनला, जो पुढं बास्केटबॉलचा सगळ्यांत मोठा खेळाडू मानला गेला.

वर्गातली मुलं इथं हसतात. सर हसू देतात आणि मग फळ्यावरच्या दुसऱ्या नावाखाली रेघ ओढतात. बुवी वाईट खेळाडू नव्हता. दहा हंगाम एनबीएत टिकणं येरागबाळ्याचं काम नाही. पोर्टलंडमध्ये मात्र दुखापतींनी त्याचं वर्षामागून वर्ष गिळलं. १९९२ साली पोर्टलंड अंतिम फेरीत पोचलं, समोर शिकागो. पहिल्याच सामन्याच्या पूर्वार्धात जॉर्डननं ३५ गुण केले, त्यात दुरून टाकलेल्या सहा तीन-गुणी बास्केट. मालिका शिकागोनं ४–२ जिंकली. जॉर्डनची एकूण सहा विजेतेपदं झाली.

“पोर्टलंडचं गणित चुकलेलं नव्हतं,” सर म्हणतात. “सेंटर नव्हता, सेंटर घेतला. गणित बरोबर, पण प्रश्न कुठला सोडवला?”

उलटी उदाहरणंही आहेत. २००३ मध्ये डेट्रॉइटनं दुसऱ्या पाळीवर सर्बियाचा अठरा वर्षांचा दार्को मिलिचिच उद्याकडं बघून घेतला. मागं पुढं नामवंत झालेले कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश, ड्वेन वेड उभे होते. मिलिचिच बहुतेक वेळ बाकावर राहिला, आणि डेट्रॉइटनं पुढच्याच वर्षी अनुभवी खेळाडूंच्या जोरावर विजेतेपद मिळवलं. आणि आपल्याकडचा सतनामसिंग. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलसनं त्याला बावन्नावा घेतला. भारतात जन्मलेला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. एनबीएचा नियमित सामना त्याला खेळायला मिळाला नाही. उंची दिसते, मोजता येते, म्हणून तीच कुवत समजली जाते. आपल्या मैदानांवर तर ही चूक रोज होते.

(यंत्रमागाचा कारखाना. आवाज पूर्ण ठेवावा, मग हळूहळू खाली.)

४३चे वडील टेरी टॉवेलच्या मागावर आहेत. टॉवेलला ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन लागतात. एक कापड धरून ठेवतो, दुसरा सैल सोडतात, त्याचेच ते मऊ फासे उठतात. धोटा एका बाजूनं सुटतो, दुसऱ्या बाजूला आदळतो, आणि तुटलेला धागा नेमका कुठला ते या माणसाला कानानं कळतं. आत बोलणं शक्य नाही. सरांनी त्यांना बाहेर बोलावलं, भिंतीला उभं केलं आणि खिशातून शिंप्याची टेप काढली.

“अण्णा, सरळ राहा की जरा.”

“सवय गेली, सर,” अण्णा म्हणाले आणि पाठ ताठ करायला लागले. १७९.

घरी आई विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं, तंबाखूची चिमूट, दोऱ्याचा एक वेढा, टोक आत दुमडलं की झाली विडी. मजुरी हजाराच्या हिशेबानं, म्हणून बोलतानाही हात थांबत नाहीत. उंची मोजायला उभं राहायचं म्हणजे वीस-पंचवीस विड्या गेल्या. तरी त्या उठल्या, पदर सावरला, दाराच्या चौकटीला टेकल्या. १६४.

मुलगा मोठेपणी किती उंच होईल, याचा सरांचा हिशेब साधा आहे. आईवडिलांची उंची सेंटीमीटरमध्ये मिळवायची, मुलगा असेल तर त्यात १३ घालायचे आणि अर्धे करायचे. १७९ आणि १६४, वर १३, झाले ३५६. अर्धे १७८. आठ-दहा सेंटीमीटर इकडंतिकडं धरायचे, कारण हा अंदाज आहे, पंचांग नाही. २७च्या घरी हाच हिशेब १६६च्या आसपास येतो, आणि पोरगा आजच १७२. त्याची वाढ लवकर झाली, आता बरीचशी होऊन गेली.

आणखी एक माप आहे, ते फार कमी शिक्षक घेतात. मुलाला स्टुलावर बसवायचं आणि बसल्या जागी डोक्यापर्यंत मोजायचं. वाढीच्या वयात आधी पाय लांबतात, धड नंतर. पाय लांब आणि धड आखूड असेल तर अजून बरंच यायचं बाकी आहे, असं धरायला जागा असते. ४३ स्टुलावर बसला की शेजारच्या पोराहून बुटका दिसतो, उभा राहिला की त्याच्या वर जातो. मुलं यावर खो खो हसली. सरांनी वहीत नोंद केली.

मग जन्मतारखा. शालेय स्पर्धांत वयाची रेघ १ जानेवारीला पडते. २७ जानेवारीतला आहे, ४३ त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. कागदावर एकाच वयाचे, प्रत्यक्षात जवळजवळ वर्षाचं अंतर. तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय, ते घरात पोरं असणाऱ्यांना सांगायला नको. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा १९८०च्या दशकातच हे दिसलं होतं: वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडीत जास्त. डिसेंबरातली मुलं खेळात कच्ची नव्हती. त्यांना निवडायची घाई फार लवकर झाली.

(सराव सामना. २७ रिंगखाली. संथ गती.)

आता खेळ बघा. २७ रिंगखाली उभा राहतो, कोपर बाहेर, आणि चेंडू त्याच्याकडं येतोच. कुणी हलवू शकत नाही त्याला. पाच मिनिटांत सहा रिबाउंड. बाकावरचे दुसरे सर टाळ्या वाजवतात, आणि खरं सांगायचं तर आम्हीही वाजवल्या.

४३ पहिल्याच चेंडूला ट्रॅव्हल करतो, म्हणजे चेंडू न आपटताच पावलं टाकतो. दुसरा पास त्याच्या बोटांवर आदळून बाहेर जातो. त्याचे पाय कुठं पडतायत हे त्याला कळायच्या आत पडलेले असतात.

हा शॉट मात्र थांबवून बघा. ४३नं चेंडू टाकला, रिंगला लागून उडाला. तिन्ही मुलांनी एकदा उडी मारली आणि खाली आली. ४३चे पाय जमिनीला टेकले न टेकले तोच तो पुन्हा वर होता. चेंडू दुसऱ्या उडीत त्याच्या हाताला लागला. बास्केट झाली नाही. पण पहिली उडी सगळेच मारतात. लगोलग दुसरी मारणं हे शिकवून फारसं येत नाही, आणि जाणकार तेच शोधत असतात.

२०१३ मध्ये मिलवॉकीनं ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला अठरा वर्षांचा एक काटकुळा पोरगा पंधराव्या पाळीवर घेतला. यानिस आंतेतोकुंपो. निवड झाल्यावरही तो उंच होत राहिला. २०२१च्या अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्यानं ५० गुण केले आणि मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलं. मधे आठ वर्षं गेली. एनबीएचा संघ थांबू शकतो, कारण पहिल्या फेरीत घेतलेला खेळाडू काही वर्षं करारानं त्यांचाच असतो. शाळेला थांबता येत नाही. मुलगा दहावीला शाळा सोडतो, पीटीच्या सरांना हिशेब यंदाच्या ढालीचा द्यायचा असतो, आणि फाटकापाशी एक काका उभे असतात: “सर, सर्टिफिकेट भेटतंय ना?” त्यांचं काहीच चुकत नाही. वरच्या पातळीवर खेळलं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मागावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे बास्केटबॉलपेक्षा आधी कळतं.

सरांची मागणी मोठी नव्हती. अकरा जण आजच्या गरजेनं घ्या, बारावी जागा दरवर्षी उद्यासाठी राखून ठेवा. तो पोरगा मिनिटभरही खेळला नाही तरी चालेल. मोठ्या मुलांबरोबर सराव करेल, प्रवास करेल, बाकावरून बघेल. सतरा वर्षांखालच्या संघाला तो कामाला येईल. बारावा खेळाडू तसाही किती खेळतो?

(सूचना फलक. यादी.)

बारावं नाव २७चं लागलं. संघ जिल्ह्यातच उपांत्य फेरीत हरला. ४३ दोन महिने मैदानावर आला नाही.

(रविवार. तेच कोर्ट, मुलं जास्त.)

यादीत नाव नसलेल्यांसाठी सरांनी रविवारची बॅच सुरू केली. यादीतले आले तरी हरकत नाही. नियम एकच: उंच मुलांनी चेंडू खेळवत पुढं आणायचा, बुटक्यांनी रिंगखाली उभं राहायचं. कारण विचारलं की सर अँथनी डेव्हिसचं नाव घेतात. शाळेत असताना तो सहा फूट दोन इंचांचा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढं आणणारा खेळाडू, होता. पुढं आठेक इंच वाढला, तरी हातातलं ड्रिबल गेलं नाही. २०१२च्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव त्याचं.

या बॅचला सगळ्यांत जास्त गरज कुणाची असेल तर २७ची. १७२ उंचीवर तेराव्या वर्षी तो सेंटर आहे. सतराव्या वर्षी १७५ झाला तर रिंगखाली त्याला कुणी उभं करणार नाही, आणि ड्रिबल त्याला कुणी शिकवलेलं नसेल, कारण संघाला आज रिबाउंड हवे होते. गरजेपोटी जो निवडला गेला त्याचंही नुकसान होतं, हे आम्हाला शूटिंग करेपर्यंत सुचलं नव्हतं. आता तो चेंडू आपटत येतोय, नजर खाली, ओठ दाताखाली. ४३ आडवा जातो, हात घालतो, चेंडू निसटतो. “फाउल बे!” “कुठला फाउल? हाताला लागला का तरी?” सर शिट्टी वाजवत नाहीत.

बॅच साडेसहाला सुरू होते. फी नाही. दुसऱ्या शाळेतली मुलंही येतात. बूट नसले तर सर कुठून तरी जमवतात, ४३च्या मापाचे अजून मिळालेले नाहीत. मुलींची वेगळी बॅच दिवाळीनंतर सुरू करायची आहे, त्यासाठी सहा नंबरचे चेंडू हवेत.