ओळख बदलणाऱ्या पेशी

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, ही व्याख्या चुकीची नाही, पण अपुरी आहे. एका जागी वाढणारी गाठ पुष्कळदा शस्त्रक्रियेने काढता येते. रुग्णाच्या जिवावर बहुधा बेततात त्या तिच्यातून निसटून यकृतात, हाडांत किंवा मेंदूत ठाण मांडणाऱ्या पेशी. गाठ अधिकाधिक घातक होत जाते तेव्हा तिच्या पेशी आपले मूळ स्वरूप कसे सोडतात, याविषयी आज बोलायचे आहे.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. यकृताची पेशी त्वचेच्या पेशीहून वेगळी ठरते, कारण त्या संचातली निराळी जनुके तिच्यात चालू असतात. काही नियामक प्रथिने आणि डीएनएची कुठे घट्ट, कुठे सैल गुंडाळी हा हिशेब सांभाळतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९५७ साली पेशीच्या घडणीचे चित्र रेखाटले, ते डोंगरउतारावरून घरंगळत शेवटी एका दरीत स्थिरावणाऱ्या गोटीचे होते. ती गोटी पुन्हा वर चढू शकते, हे जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशींत केवळ चार जनुके कार्यरत करून दाखवले. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणलेली ही गोष्ट कर्करोगात कोणी न सांगता, आणि अर्धवट रीतीने, घडत असते.

पेशींचे हे बिघडलेले रूप विकृतितज्ज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. गाठीची प्रत ठरवताना ते आजही हेच पाहतात, की तिच्या पेशी मूळ ऊतीशी कितपत मिळत्याजुळत्या राहिल्या आहेत. साम्य जितके कमी, तितका आजार सहसा आक्रमक. मात्र याला केवळ ऱ्हास म्हणणे मला पटत नाही. पेशी आपले काम विसरते हे खरे, पण त्याच वेळी ती दुसरे एखादे रूप धारण करते, आणि ते रूप वाटेल ते नसते.

फुप्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार, घ्या. त्याच्या पेशींची फुप्फुसीय ओळख टिकवण्यात एनकेएक्स२-१ या नियामक प्रथिनाचा मोठा वाटा असतो. उंदरांच्या अशा गाठींमधून ते काढून टाकल्यावर पेशी जठराच्या अस्तरासारख्या वागू लागल्या आणि श्लेष्मा तयार करू लागल्या. जठरच का? कारण गर्भावस्थेत फुप्फुस आणि जठर आद्य पचननलिकेच्या एकाच पुढच्या भागातून घडतात. म्हणजे पेशी शेजारच्या दरीत उतरली. कर्करोग नवे कार्यक्रम सहसा रचत नाही. शरीराने गर्भवाढीसाठी किंवा जखम भरण्यासाठी राखून ठेवलेले कार्यक्रम तो अवेळी आणि अस्थानी वापरतो, हे या विषयाचे मर्म आहे असे मी मानतो.

निसटण्याच्या क्रियेतही हेच दिसते. अस्तराच्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. गर्भात काही पेशींना स्थलांतर करायचे असते तेव्हा स्नेल, ट्विस्ट, झेब यांसारखे नियामक ही पकड सैल करतात आणि पेशी लांबट, फिरती होते. कर्करोगाच्या पेशी हाच मार्ग घेतात, पण क्वचितच शेवटपर्यंत. पुष्कळशा मधल्या, मिश्र अवस्थेत राहतात. मेटास्टॅसिससाठी, म्हणजे कर्करोग दूरच्या अवयवांत पसरण्यासाठी, हे रूपांतर अपरिहार्य आहे का, यावर अजून वाद आहे: २०१५ मध्ये उंदरांवरील दोन स्वतंत्र अभ्यासांनी त्यावाचूनही पेशी दूर पसरतात असे मांडले, मात्र केमोथेरपीला तोंड देण्यात त्याचा वाटा असल्याचे त्याच अभ्यासांत दिसले.

औषधांपासून निसटणे हा तर या बदलाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या ईजीएफआर जनुकात बदल झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगावर नेमके औषध दिल्यावर गाठ आधी आक्रसते, पण थोड्या रुग्णांत ती पुढे स्मॉल सेल या फुप्फुसाच्या निराळ्या, आक्रमक कर्करोगाच्या रूपात परतते. हा नवा, वेगळा आजार नव्हे, कारण ईजीएफआरमधील तोच मूळ बदल तिच्यात सापडतो. मात्र पेशी आता त्या जनुकावर विसंबून राहिलेली नसते, त्यामुळे औषध लागू पडत नाही. अशा गाठींत आरबी१ आणि टीपी५३ ही दोन रक्षक जनुके बहुधा निकामी झालेली आढळतात. प्रोस्टेटच्या कर्करोगातही पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव रोखणाऱ्या उपचारानंतर काही गाठी चेतापेशींची लक्षणे उचलतात, आणि मग आजार वाढत असूनही रक्तातील पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, ज्यावरून या आजाराचा अंदाज घेतात) त्या मानाने कमी राहू शकते. म्हणूनच बळावलेल्या आजारात जुन्या अहवालावर विसंबण्याऐवजी शक्य तिथे पुन्हा बायोप्सी करावी, हा आग्रह मला रास्त वाटतो.

पेशीला उलट वाटेने आणता येते का? रक्ताच्या एका कर्करोगात, अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, येते. तिथे १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बनलेले एक जोडप्रथिन पेशीचे परिपक्व होणे अर्ध्यावर अडवून धरते. अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड त्या प्रथिनाचा निकाल लावतात, पेशी परिपक्व होतात, आणि बहुतांश रुग्ण बरे होतात. घट्ट गाठींच्या कर्करोगांत असे एकच कुलूप बहुधा नसते; तिथे पेशी अनेक रूपांत ये-जा करत असल्याने, सध्याचे बरेचसे संशोधन पेशींना माघारी आणण्यापेक्षा त्यांची ही ये-जा औषधाने थोपवण्यावर भर देत आहे.