अभ्यास आपल्यावर, प्रश्न कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा, जगभर गाजलेला एक अभ्यास आपल्याच धाराशिव जिल्ह्यात झाला, हे किती जणांना ठाऊक आहे? १९९९ मध्ये तो सुरू झाला. ५२ गावसमूहांतल्या, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायांची त्यात नोंद झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ साली निष्कर्ष आला: हा कर्करोग ज्या विषाणूमुळं होतो त्या एचपीव्हीची तपासणी एकदाच मिळालेल्या गटात या रोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

काम मोलाचंच. पुढं वाद झाला तो चौथ्या गटावरून, त्यातल्या बायांना तपासणीविना ठेवलं म्हणून. माझ्या मते अशा अभ्यासाची आखणी कागदावर पक्की व्हायच्या आधीच गावातल्या बायांपुढं मांडावी. सही-अंगठ्याची वेळ येते तोवर प्रश्न, गट, तारखा सगळं ठरून गेलेलं असतं.

रुग्णाला त्यातलं काय कळतं, असं म्हणणारे भेटतात. संधिवाताचं उदाहरण घ्या. तज्ज्ञ वर्षानुवर्षं सुजलेले सांधे मोजत होते. २००२ साली एका आंतरराष्ट्रीय बैठकीत रुग्णही चर्चेला बसले आणि म्हणाले, आम्हाला थकवा खातो, तो तुम्ही मोजतच नाही. पुढं अभ्यासांत थकव्याची नोंद घ्यायचं ठरलं.

आता बीडकडं या. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात, परततात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. अशा बाईला डिसेंबरात जिल्हा रुग्णालयाची तारीख दिली, तर वहीत ‘रुग्ण आली नाही’ एवढंच उरणार. तिला आधी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तपासायला कोपीवर, आमच्या झोपडीवर या, तेही संध्याकाळी; दिवसा दवाखान्यात गेलं की खाडा पडतो, तो आगाऊ घेतलेल्या उचलीतून कापतात. कंबरदुखीचं औषध शोधणाऱ्यानं मोळी कशी उचलतात तेही तिलाच विचारावं.

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यात एक सामान्य नागरिक असावाच लागतो. तिथं बहुधा शिकलेला, ओळखीचा माणूस शोधला जातो, असा माझा अंदाज. टोळीत दहा हंगाम काढलेली बाई का नको? आणि तिच्या बुडालेल्या रोजाचे पैसे अभ्यासाच्या खर्चात आधीच धरावेत. फुकट सल्ला मागायची सवय आपल्याकडं फार.