गणपूर्ती झाली की उजेड

हवाई बेटांच्या उथळ समुद्रात रात्र झाली, की दिवसभर वाळूत दडलेलं एक माकूल बाहेर पडतं. जेमतेम अंगठ्याएवढं. वर चांदणं असतं, खाली टपलेले मासे. त्यांना त्याची सावली सहज दिसावी; पण माकुलाच्या खालच्या अंगातून चांदण्याइतकाच मंद उजेड झिरपतो आणि सावली पुसून टाकतो.

हा उजेड पाडतात त्याच्या अंगात वस्तीला असलेले जिवाणू, व्हिब्रिओ फिशेरी. हेच जिवाणू बाहेरच्या पाण्यात सुटे तरंगतात, तेव्हा मात्र अंधारेच राहतात.

असं का, याचा धागा चंबूत सापडला. हार्वर्डमध्ये केनेथ नीलसन आणि वुडलँड हेस्टिंग्ज हे जिवाणू वाढवत होते. चंबूतलं द्रावण गढुळत जायचं, जिवाणू भराभर वाढायचे. उजेड मात्र जिथल्या तिथे. गर्दी दाटली, की एकाएकी चढायचा. मग दाट चंबूतलं द्रावण जिवाणू काढून टाकून नव्या, विरळ चंबूत घातलं. तिथले जिवाणू वेळेआधीच उजळले! निरोप त्या द्रावणातच होता. हे १९७० साली प्रसिद्ध झालं, आणि त्या निरोपाचा रेणू ओळखायला १९८१ उजाडलं.

प्रत्येक जिवाणू हा रेणू थोडाथोडा बाहेर सोडत असतो. उघड्या समुद्रात तो वाहून जातो. माकुलाच्या अंगातल्या चिंचोळ्या कप्प्यांत साचतो, पुन्हा पेशीत शिरतो, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतो. त्याबरोबर ल्युसिफरेज हे उजेड पाडणारं विकर तयार व्हायला लागतं, आणि निरोपाचे आणखी रेणूही. म्हणून उजेड असा उसळून येतो.

याला कोरम सेन्सिंग म्हणतात. सोसायटीच्या सभेत गणपूर्ती होईपर्यंत कामकाज खोळंबतं, अगदी तसंच. उजेड पाडायला ऊर्जा लागते, ऑक्सिजन लागतो. एकट्यादुकट्याने तो खर्च करून काय साधणार?

कोकणात लाट फुटताना दिसणारी निळी चमक बहुतेकदा वेगळी, नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची. ती धक्का लागला की लुकलुकते. जिवाणूंचा उजेड संथ, अखंड असतो.

पहाट होते. माकूल शंभरातले सुमारे ९५ जिवाणू बाहेर टाकतं आणि वाळूत शिरतं. उरलेले दिवसभर वाढून रात्रीपर्यंत कप्पे भरतात. बाहेर पडलेले पाण्यात पांगतात, आणि त्यांचा उजेड मावळतो.