सेल उतरला का, कसं बघायचं

(दृश्य: रात्रीचं शिवार. बांधावरून हलत येणारा उजेड.)

परभणी-हिंगोलीकडच्या गावांत ‘बॅटरी’ म्हटलं की आधी हातातली टॉर्च आठवते. पंपाला रात्रपाळीची लाइट असली, की हरभऱ्याला पाणी देणाऱ्याची सगळी भिस्त तिच्यावर. निघताना बटण दाबलं, उजेड पडला, झालं. मग अर्ध्या वाटेत ती मिणमिणायला लागते. उतरत आलेला सेलही सुरुवातीला जोर दाखवतो, म्हणून दोन मिनिटं चालू ठेवूनच बघावी.

(दृश्य: टेबलावर मल्टीमीटर, सुटे सेल.)

मीटरवरही अशीच फसगत होते. डीसी 20 व्होल्टवर मीटर ठेवा. लाल वायर सेलच्या टोपीला, काळी बुडाला. नवा अल्कलाइन सेल 1.5 ते 1.6 दाखवतो. जुन्यानं 1.35 दाखवलं, तर बराच शिल्लक वाटतो. पण मीटर सेलकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. सेलला कामाला लावा: 10 ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा सुटा भाग) पाचेक सेकंद दोन्ही टोकांना टेकवा आणि तेव्हाच आकडा वाचा. 1.2च्या खाली घसरला, तर टॉर्चमधून काढा. भिंतीवरच्या घड्याळाला तो चालतो, त्याला करंट फार थोडा लागतो. हे आकडे चार्जिंगच्या सेलला लावू नका; तो मुळातच 1.2चा.

टॉर्चमध्ये तीन सेल असतील तर तिन्ही वेगवेगळे मोजा. एकच उतरलेला असतो आणि तिन्ही फेकले जातात. मात्र जुन्यात नवा मिसळू नये. जुना आधी संपतो, मग फुटून पाझरतो.

सेल फरशीवर टाकून उसळी बघणारेही आहेत. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अल्कलाइन सेल वापरात आतल्या जस्ताचं ऑक्साइड होऊन घट्ट होतो, म्हणून उसळतो. 2015 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा साधारण निम्मा उतरेपर्यंतच ही उसळी वाढते असं दिसलं. म्हणजे उसळला तर तो नवा नाही, एवढंच कळतं.

टीव्हीच्या रिमोटचे सेल बघायचे, तर रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुढचा दिवा जांभळट लुकलुकला, तर सेल जिवंत.

(दृश्य: इन्व्हर्टर. ट्युब्युलर बॅटरीची झाकणं उघडताना, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा.)

इन्व्हर्टरच्या बॅटरीला खरा न्याय हायड्रोमीटर, म्हणजे अॅसिडची घनता मोजणारी नळी, देतो. लाइट आल्याबरोबर मीटर लावाल, तर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसेल, तो चार्जरचा आकडा, बॅटरीचा नव्हे. चार्जिंग बंद करून काही तास थांबा: 12.5 ते 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. हायड्रोमीटर पाणी टाकण्याआधीच बुडवा, नाहीतर ताजं पाणी वरच तरंगतं आणि आकडा कमी येतो. भरलेल्या ट्युब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटरीत घनतेचा आकडा साधारण 1.240 यावा, पण 27 अंशांना. मे महिन्यात आतलं अॅसिड 42 अंशांवर गेलं, की चांगली बॅटरीही 1.230 दाखवते, 15 अंशांमागे साधारण 0.010 मिळवून वाचा.

पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांना खातात. सहापैकी एकच कप्पा बाकीच्यांहून 0.050 मागे असेल, तर पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही मागेच राहिला, तर तो कप्पा गेला. मग पाणी कितीही ओता.