आधी ओळख, मग पाना

श्रोतेहो, नमस्कार. आज जुन्या ट्रॅक्टरच्या कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, दुरुस्ती. डिझेलच्या ट्रॅक्टरला कार्बोरेटर नसतो, त्यामुळं आजचं बोलणं सगळ्यांच्या कामाचं नाही. पण कोल्हापुरात हौशी माणसांना तोटा नाही. गुऱ्हाळाच्या छपरात कुणाचा तरी आजोबांच्या वेळचा करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर उभा असतो, पेट्रोलवरचा. दोन मिनिटं भकभकतो आणि बसतो.

मग पाना घेऊन थेट कार्बोरेटरला भिडायचं! जरा थांबा, आधी कार्बोरेटर कुठला ते ओळखा. कोव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ दरम्यान बनलेल्या त्या फर्ग्युसनवर बहुधा झेनिथ कंपनीचा कार्बोरेटर असतो. अमेरिकन फोर्ड ट्रॅक्टरवर मार्व्हल-शेब्लर कंपनीचा: नाइन-एन मॉडेलला टीएसएक्स-३३, एट-एनला टीएसएक्स-२४१. हा नंबर छोट्या गोल बिल्ल्यावर ठोकलेला असतो. बॉडीवर ओतकामात उठलेला आकडा त्या ओतीव भागाचा. मी एकदा तोच सांगून दुरुस्तीचं किट मागवलं होतं. एकही पॅकिंग बसलं नाही.

खोलल्यावर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घालू नका. भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिते. हवा मारा. पितळी फ्लोट, म्हणजे आतला पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, गरम पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले की तो फुटका. खालून पेट्रोल टपकत असेल तर पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे नीडल, आणि ती जिथं टेकते ती सीट जोडीनंच बदला. त्यात आता आपल्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत. ते पाणी धरतं, जुनं रबर खातं.

एवढं करूनही इंजिन स्लोला, म्हणजे रेस न देता, चालू राहत नाही? मग खरा चोर थ्रॉटलच्या, म्हणजे रेसच्या झडपेच्या, शाफ्टपाशी. इतक्या वर्षांत भोक झिजून अंडाकृती होतं आणि तिथून हवा शिरते. इंजिन चालू असताना शाफ्टच्या कडेला दोन थेंब इंजिन ऑइल सोडा. आवाज बदलला की सापडला. कुठलंही किट हे भोक भरून देत नाही. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांची वानवा आहे का? शाफ्ट आणि बॉडी दोन्ही घेऊन जा, झिजलेल्या भोकात पितळी बुश, म्हणजे नळीसारखी कडी, बसवून घ्या. नुसती बॉडी नेलीत तर माप कशावर धरणार तो?

आणि सेटिंगला एक गंमत लक्षात ठेवा. त्या फोर्डवर स्लोचा स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की पेट्रोल वाढतं. मेन जेटचा स्क्रू आत नेला की मात्र कमी होतं. माझ्याकडं येणारे निम्मे लोक तिथंच उलटं फिरवून आलेले असतात.