शुल्कमाफीनंतरचा हिशेब

मानवी हक्कांच्या १९४८ सालच्या जागतिक जाहीरनाम्यात, उच्च शिक्षण गुणवत्तेनुसार सर्वांना सारखेच खुले असले पाहिजे, असे नमूद आहे. मात्र ज्या घरातले आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तिथल्या गुणी मुलीची वाटही पुष्कळदा पैशांच्या हिशेबापाशी अडते. हा हिशेब केवळ शुल्काचा नसतो. राहणे, जेवण, प्रवास आणि पुस्तके यांचा खर्च असतोच. शिवाय शिकण्याच्या वर्षांत तिने घराला लावला असता तो कमाईचा हातभारही थांबतो, आणि ही तूट शुल्कमाफीने भरून निघत नाही.

मदत किती मिळेल याइतकेच ती नक्की मिळेल का आणि कधी मिळेल, हेही निर्णायक ठरते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने २०१५ साली आपल्या राज्यातील अल्प उत्पन्न गटातल्या हुशार विद्यार्थ्यांना घरी पत्रे पाठवली आणि प्रवेश मिळाल्यास चार वर्षांचे शुल्क माफ होईल, त्यासाठी आर्थिक मदतीचे अर्ज भरावे लागणार नाहीत, असे कळवले. यातील बहुतेकांना नेहमीच्या नियमांनुसारही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरीही पत्र न मिळालेल्या तशाच विद्यार्थ्यांपैकी २६ टक्क्यांनी या विद्यापीठात अर्ज केला, तर पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. गुणवत्ता तीच होती, ऐपतही तीच होती. खात्री तेवढी आधी मिळाली होती.

ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज असते, त्यांनाच ती मिळवण्याचे कागद जमवणे सर्वांत कठीण जाते, ही बाब धोरण आखणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवी. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे वेतनाची पावती नसते. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही रक्कम सत्र संपताना हाती आली, तर मधल्या महिन्यांसाठी कर्ज काढावे लागते किंवा शिक्षण सोडावे लागते.

प्रवेशानंतरची ही गळती रोखता येते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ साली सुरू केलेल्या उपक्रमात दोन वर्षांच्या पदवीसाठी पूर्णवेळ शिकणाऱ्यांना शुल्कातील उरलेली तफावत, पुस्तकांसाठी मदत, प्रवासाचा पास आणि नियमित भेटणारा सल्लागार हे सारे एकत्र देण्यात आले. पायाभूत विषयांत कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात, या उपक्रमातील ४० टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी घेतली. उपक्रमाबाहेरच्या तशाच विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २२ टक्के होते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे विद्यापीठाचा खर्च वाढला खरा, पण पदवीधर झालेल्या प्रत्येकामागचा खर्च नेहमीपेक्षा कमी भरला.